शंभर रूट वर्डची यादी पाठ करू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तलाठी अन् बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे, इंग्रजीत मार खाऊन राहिला, कोणीतरी प्रीफिक्स, सफिक्स अन् रूट वर्डची, म्हणजे शब्दाच्या पुढं-मागं चिकटणारे तुकडे अन् मधला गाभा यांची, शंभरेकांची यादी दिली, रोज दहा पाठ करतो अन् आठवड्यानं पाटी कोरी. वरून घरी आठवीतली बहीण आहे, तिलाही हेच शिकवायचं म्हणतो. तर यादी पाठ करावी का, अन् नाही तर सुरुवात कुठून करावी.

भाऊ, यादी बाजूला ठेव. फाडू नको, पुढं कामी येईल, पण आत्ता कपाटात टाक.

मी २४ वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत मराठी माध्यमाच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवून राहिलो. मी स्वतः एबीसीडी पाचवीत पाहिली, आमच्या वेळी तसंच होतं, पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडं २००० साली आलं. तर नवानवा मास्तर झालो तेव्हा मीही हाच उद्योग केला. फळ्यावर तीस प्रीफिक्स अर्थासकट लिहिले, पोट्ट्यांनी घोकले, आठ दिवसांनी विचारलं. यूएन लिहितो तो 'अन' म्हणजे नाही, हे सगळ्यांचं बरोबर. मग म्हटलं आता असा एखादा शब्द सांगा अन् फोडून दाखवा. मागच्या बाकावरचा एक उठला, म्हणे सर, अंकल. मी म्हटलं कसं काय बे? तर म्हणे अन म्हणजे नाही, अन् कल म्हणजे... कल यादीत नव्हता सर. सगळा वर्ग हसला, पण चूक त्याची कुठं होती, मीच त्याला तुकडे घोकायला लावले होते अन् शब्द खोलून पाहायची सवय लावलीच नव्हती.

अन् गंमत पाहा, ही सवय त्याला मराठीत होती. तुलाही आहे. गैरहजर, गैरसमज, बेशिस्त, बिनडोक, बिनकामाचा, हे शब्द तू पाठ केले का कधी? कोणी नवीन शब्द तयार करून फेकला, समज 'बिनमोबाइलचा पोरगा', तर तुला शब्दकोश लागत नाही. म्हणजे बिन काय काम करते हे तुझ्या कानाला माहीत आहे. नापास हा शब्द तर मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो, कारण त्यातला ना फारसी अन् पास इंग्रजी, दोन परके शब्द आपल्या घरी येऊन एकमेकांना चिकटले अन् अस्सल मराठी होऊन बसले, आता तो शब्द आपल्या पोट्ट्यांइतका जवळून कोणाला माहीत असणार. तसंच पेरणीचं तिफन. ति म्हणजे तीन, फण म्हणजे दाते, तीन दात्यांचं ते तिफन अन् दोनाचं ते दुफण. बाप्पा, हेच इंग्रजीत ट्रायसिकल अन् बायसिकल, ट्राय तीन अन् बाय दोन, फणाच्या जागी चाक.

तर पुढं चिकटतो तो प्रीफिक्स, आपला उपसर्ग. मागं चिकटतो तो सफिक्स, आपला प्रत्यय. अन् मधला गाभा तो रूट, आपल्या व्याकरणात ज्याला धातू म्हणतात त्याच जातीचा. व्याख्या एवढीच, पुढं जाऊ.

सुरुवात कुठून, तर कृषी केंद्रातून. खरंच सांगतो, चेष्टा नाही. दुकानात फळीवर डबे मांडलेले राहतात त्यांची लेबलं वाच. रिकामे डबे वावरातून उचलून आणू नको मात्र, २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. लेबलवर तीन शब्द नक्की भेटतील, इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. मराठीत त्यांनाच आपण कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक म्हणतो. आता दोन्हीकडची शेपटं पाहा, मराठीत तिन्हीला नाशक, इंग्रजीत तिन्हीला साइड. हा साइड म्हणजे बाजूवाला साइड नाही, स्पेलिंग वेगळं आहे, सीआयडी लिही अन् पुढं ई लाव. लॅटिनमधून आलेला तुकडा, अर्थ कापणं, मारणं. पुढचा भाग सांगते कोणाला मारायचं. एवढं कळलं की पेस्टिसाइड आपोआप आला, होमिसाइड आला, होमि म्हणजे माणूस, म्हणून तो मनुष्यवध. एका वर्षी हे शिकवताना एक पोरगी हळूच म्हणाली, सर, सुइसाइड पण त्यातलाच का. सुइ म्हणजे स्वतः. हो म्हटलं. आमच्या भागात त्या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही, वर्ग गप्प झाला, मीही पुढचा शब्द घेतला.

पुढचा शब्द होता डिसाइड. तोही त्याच घरचा, कापून मोकळं होणं. आपण नाही का म्हणत, एकदाचा तुकडा पाड बाबा. अन् तोच तुकडा कधी जरा रूप बदलून येतो, साइडचा साइज होतो, जसं कॉन्साइज म्हणजे कापून आखूड केलेलं. विज्ञानाच्या पुस्तकात दातांचे प्रकार आहेत त्यात पुढचे कापायचे दात इन्सिझर, ते पण यातलेच. म्हणजे एका लेबलवरून किती शब्द झाले मोज, अन् पाठ एकही केला नाही.

त्याच लेबलवर अजून एक शब्द राहते, कॉन्टॅक्ट. आपण स्पर्शजन्य कीटकनाशक म्हणतो ते, किडीच्या अंगाला लागलं की काम करते. कॉन म्हणजे सोबत, टॅक्ट म्हणजे स्पर्श. आता बहिणीला म्हणा अजून दोन वर्षांनी दहावीच्या भूमितीत वर्तुळाचा धडा येईल, त्यात स्पर्शिका येईल, तिला इंग्रजीत म्हणतात टँजंट. तोच स्पर्श! टॅक्ट अन् टँज एकाच धातूची दोन रूपं. त्याच धड्यात वर्तुळाला कापून जाणारी रेषा येते, वृत्तछेदिका, इंग्रजीत सीकंट, हा सीक म्हणजे कापणं, त्याचं दुसरं रूप सेक्ट. सेक्शन म्हणजे कापलेला भाग. बायसेक्ट म्हणजे दोन तुकडे, कोनदुभाजक शिकवताना येते न तो. अन् इन्सेक्ट? किड्याचं अंग पाहा, डोकं, छाती, पोट, मधेमधे खाचा पाडल्यासारखं, म्हणून तो इन्सेक्ट, आत कापलेला. गणिताच्या सरांना अन् मला एकाच तासाला वर्गात पाठवलं तर पोट्ट्यांचं लय भलं होईल असं मला नेहमी वाटते, पण वेळापत्रकात तसं बसत नाही.

आता एक घर अजून सविस्तर घेऊ, म्हणजे तुला पद्धत दिसेल. ट्रॅक्टर. मागून सुरू कर. शेवटी ओआर, म्हणजे करणारा, जसं डॉक्टर, कंडक्टर, इन्स्पेक्टर. ते काढलं की उरलं ट्रॅक्ट, म्हणजे ओढणं. ओढणारा तो ट्रॅक्टर, नांगर ओढते, ट्रॉली ओढते, नाव एकदम चपखल. आता ट्रॅक्टच्या पुढं एकेक बैल जुंप. एक्स म्हणजे बाहेर, एक्स्ट्रॅक्ट, ओढून बाहेर काढलं, अर्क. सब म्हणजे खाली, सबट्रॅक्ट, खालून ओढून घेतलं, वजाबाकी. डिस म्हणजे दूर, डिस्ट्रॅक्ट, लक्ष दुसरीकडं ओढलं, तुझा मोबाइल करतो ते. अट्रॅक्ट, स्वतःकडं ओढणं. कॉन्ट्रॅक्ट, दोघांना एकत्र ओढून बांधणं, करार. आपला कंत्राट शब्द त्याच कुळातला, अन् त्याला आपण मागून फारसी दार लावून कंत्राटदार केला. कंपासपेटीतला कोनमापक, प्रोट्रॅक्टर, तो पण यातलाच, हे मला स्वतःला पंधरा वर्षं शिकवल्यावर लक्षात आलं, लपवून काय करू.

मागूनच का सुरू करायचं ते सांगतो, कारण बहुतेक क्लासवाले पुढून सुरू करतात. सफिक्स तुला शब्दाचं काम सांगते. मराठीत पणा, ता, त्व लागलं की नाम झालं हे जसं लगेच कळते, चांगुलपणा, सुंदरता, मनुष्यत्व, तसं इंग्रजीत नेस, मेंट, शन लागलं की नाम, फुल, लेस, एबल, अस लागलं की विशेषण, अन् विशेषणाला एलवाय लागला की बहुतेक क्रियाविशेषण. बहुतेक म्हणतो कारण फ्रेंडली विशेषण आहे, तिथं एलवाय नामाला लागला. आता तुझ्या परीक्षेत गाळलेल्या जागा येतात, चार पर्याय, चारही एकाच रूटचे, सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल, सक्सेसफुली. इथं अर्थ माहीत असून भागत नाही, जागा कोणत्या कामाची आहे अन् शेपूट कोणतं आहे ते पाहावं लागते. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, अशा पेपरात शेपटं ओळखता आली तर दोन-चार प्रश्न फुकटात सुटतात.

अन् सफिक्स लागताना रूटचं रूप बदलते, तेही ठरलेल्या वळणानं. परमिटचं परमिशन, सबमिटचं सबमिशन, ॲडमिटचं ॲडमिशन. म्हणजे मिट असलं की मिशन होते. रिसीव्हचं रिसेप्शन, डिसीव्हचं डिसेप्शन, परसीव्हचं परसेप्शन. डिस्क्राइबचं डिस्क्रिप्शन, तसंच डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन, प्रिस्क्राइबवरून. रिड्यूसचं रिडक्शन, प्रोड्यूसचं प्रोडक्शन. एक वळण धरलं की त्या रांगेतले सगळे येतात. आपल्याकडंही 'कृ' चं कर्म, कार्य, कृती, क्रिया असं होते, कोणाला नवल वाटत नाही. यातला सीव्ह किंवा मिट एकटा उभा राहात नाही, सीव्ह म्हणून कोणी बोलत नाही, त्यामुळं शब्दकोशात शोधत बसू नको, कुटुंबात पाहा. सीव्ह म्हणजे घेणं, मिट म्हणजे पाठवणं.

आता प्रीफिक्स. शंभर नको, आधी चार घे. अन, री, डिस अन् इन. अमेरिकेत शाळेच्या पुस्तकांतले शब्द मोजून पाहिले आहेत, प्रीफिक्स लागलेल्या शब्दांपैकी निम्म्याहून जास्त या चारातच निघाले. त्यातला इन फार नखरेल आहे, त्याच्यावर थोडा वेळ घालव. इनकरेक्ट, पण इम्पॉसिबल, पण इल्लीगल, पण इर्रेग्युलर. पोट्ट्यांना वाटते हे चार वेगळे प्रीफिक्स आहेत अन् ते चार ओळी पाठ करतात. एकच आहे! पुढं पी, बी, एम आला की ओठ मिटावे लागतात म्हणून एनचा एम होतो, पुढं एल आला की एल होतो, आर आला की आर. अन् हे तू संधीत शिकला आहे. उत् अधिक लेख, उल्लेख. उत् अधिक लंघन, उल्लंघन. त चा ल झाला न, तसाच इनचा इल झाला. संस्कृतचे जुने पंडित अन् लॅटिन बोलणारे रोमन, दोघांचीही जीभ आळशी, दुसरं काय. यातून स्पेलिंग पण सुटते, इल्लीगलला सुरुवातीला दोन एल का, तर एक प्रीफिक्सचा एक शब्दाचा. इम्मॅच्युअरला दोन एम, तसंच.

अन की इन, कुठं कोणता, याचा पक्का नियम शोधू नको. ढोबळ एवढंच की अन इंग्रजीचा घरचा अन् इन लॅटिनकडून आलेला, म्हणून लॅटिन घराण्यातल्या शब्दांना बरेचदा इन लागते. पण अनेबल अन् इनॅबिलिटी, अनस्टेबल अन् इनस्टॅबिलिटी, अनइक्वल अन् इनइक्वॅलिटी, एकाच शब्दाचं विशेषण अन घेते अन् नाम इन घेते. इथं वाचूनच कान तयार होतो.

अन् पुढची गोष्ट बहिणीला सांग, तिला आवडेल. आपला 'अ', असत्यातला, पुढं स्वर आला की त्याचाच होणारा 'अन्', अनादरातला, अनावश्यकातला, तसाच इंग्रजीचा अन, लॅटिनचा इन अन् ग्रीकचा अ-अन, ही सगळी एकाच आजीची नातवंडं. ॲनिमिया शब्दातला पहिला 'अन्' हा तुकडा ग्रीक आहे, रक्त नाही असा अर्थ. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशानं भाषणात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक अन् लॅटिन कुठल्यातरी एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात, अन् नंतरच्या अभ्यासकांनी ते पक्कं केलं. त्यामुळं आपल्या पोट्ट्यांना इंग्रजीचे कितीतरी रूट अर्धे माहीत आहेत. दंत अन् डेंटिस्ट. नाम अन् नॉमिनेट. मृत अन् मॉर्टल. जन अन् जेनेटिक्स. वाहन अन् व्हेइकल. यवतमाळला उतरतो ते बसस्थानक, गाडी धरायला जायचं ते रेल्वे स्टेशन, अन् आपण ज्याला म्हणतो एसटी स्टँड, यातले स्थानक, स्टेशन अन् स्टँड, तिन्ही त्याच 'स्था' चे. जिनिंगचं पण ऐक, कापसाचं जिनिंग म्हणतो त्यातला जिन म्हणजे इंजिन या शब्दाचं राहिलेलं शेपूट, पुढचं झडलं, अन् इंजिनच्या पोटात परत तोच जन्मवाला जेन आहे.

महिन्यांचं कोडं तर वर्गात हमखास चालते. सप्त सप्टेंबर, अष्ट ऑक्टोबर, नव नोव्हेंबर, दश डिसेंबर, जुळते न? पण मग सप्टेंबर नववा कसा? रोमन लोकांचं वर्ष आधी मार्चपासून सुरू व्हायचं, मार्चपासून मोज, बरोबर सातवा. जुलै-ऑगस्टला पण आधी पाचवा-सहावा असंच नाव होतं, मग ज्युलियस सीझर अन् ऑगस्टसच्या नावानं बदललं.

एक सावधगिरी मात्र. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही. हे नातं अभ्यासकांनी अक्षरांचे बदल ताडून सिद्ध केलेलं आहे, आपण कानावरून ठरवायचं नाही. सोशल मीडियावर रोज कोणीतरी इंग्रजी शब्द संस्कृतातून काढून दाखवते, त्यात नव्वद टक्के भेसळ असते असं माझं मत आहे. लक्षात राहायला मदत म्हणून वापर, पण परीक्षेत लिहायला नाही.

आता खड्डे. अंकल तर झालाच. तसाच रेडी, रीच, रीजन, यातला री म्हणजे पुन्हा नाही. मी एक साधी चाचणी सांगतो, तुकडा काढून पाहा, उरलेलं ओळखीचं वाटते का, अन् दोन्हीचा मिळून अर्थ बसते का. रीराइटमधून री काढला तर राइट उरते, लिहिणं, पुन्हा लिहिणं, बसलं. रेडीमधून काढला तर एडीवाय उरते, काही नाही. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, इम्पोर्ट आत आणणं, एक्सपोर्ट बाहेर पाठवणं, पोर्टर हमाल, अन् आपल्या एसटीतला टी म्हणजे ट्रान्सपोर्ट, पलीकडं वाहून नेणं. मराठीत त्याला परिवहन केलं, वहन म्हणजे तेच वाहून नेणं. पण आम्ही मास्तर लोक सारखं विचारतो न, पोर्शन संपला का, त्या पोर्शनचा या पोर्टशी संबंध नाही, तो हिश्शावाला वेगळा शब्द. वाहून न्यायचा असता तर वर्षभर रखडला नसता.

सगळ्यात मोठा खड्डा इनचाच. कारण इन दोन आहेत. एक नाहीवाला, एक आतवाला. इन्स्पेक्टरमधला इन आतवाला, स्पेक्ट म्हणजे पाहणं, आत डोकावून पाहणारा तो इन्स्पेक्टर. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा हायवेनं पेट्रोलचे टँकर जातात, त्यांच्या मागं लिहिलेलं पाहिलं असशील, हायली इन्फ्लेमेबल. माझ्या एका विद्यार्थ्यानं सरळ अर्थ लावला, फ्लेम म्हणजे ज्वाला, इन म्हणजे नाही, म्हणजे सर हा टँकर जळतच नाही! यादीप्रमाणं त्याचं एकदम बरोबर, पण टँकरजवळ बिडी पेटवली असती तर यादी कामी आली नसती. तिथं इन आतवाला आहे, चटकन पेट घेणारा असा अर्थ, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी घोळ नको म्हणून सरळ फ्लेमेबल लिहितात. दोन्हीचा अर्थ एकच. इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचा नाही, ज्याची किंमत करता येत नाही असा, अनमोल. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. म्हणून तुकड्यांवरून निघते तो अंदाज. वाक्यात बसवून पाहायचा, बसला नाही तर शब्दकोश उघडायचा. आपलं हार घे न, हृ म्हणजे नेणं, आ लागला आहार, वि लागला विहार, सम् लागला संहार, प्र लागला प्रहार. नुसत्या तुकड्यांवरून जेवण कुठलं अन् मार कुठला हे कोण सांगणार.

स्पेलिंगचं थोडक्यात. डिसअपिअरला एस एकच, कारण डिसचा एक अन् अपिअरला एसच नाही. डिससॅटिस्फाइडला सुरुवातीला दोन, दोन्हीकडचा एकेक. मिसस्पेलला दोन, अननेसेसरीला सुरुवातीला दोन एन. गव्हर्नमेंटमध्ये एन सगळे खातात, गव्हर्न अधिक मेंट असं पाहिलं की खाणार नाही. एन्व्हायर्नमेंट पण तसंच. फुल शब्द एकटा असला की दोन एल, शेपूट झाला की एक, ब्यूटिफुलला एकच, मात्र पुढं एलवाय लागला की परत दोन दिसतात कारण दुसरा एल एलवायचा आहे. हॅपीच्या वायचा आय होऊन हॅपिनेस. बाकी लिहून लिहून येते.

बहिणीसाठी वेगळं काही नको, तिची विज्ञान-गणिताची पुस्तकं घे. सेमी असेल तर इंग्रजी शब्द पुस्तकातच आहेत, नसेल तर तू शेजारी लिहून दे. भूमिती म्हणजे भू अन् मिती, जिओमेट्री म्हणजे जिओ अन् मेट्री, जमीन मोजणं, दोन्हीकडं तेच. त्रिकोणमिती, ट्रिगॉनोमेट्री, तीन कोन अन् मोजणं, तुकड्याला तुकडा जुळते. प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस, फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र. फोटो काढतो त्यातला फोटो पण हाच उजेडवाला. ग्राफ म्हणजे लिहिणं, उजेडानं लिहिलेलं ते फोटोग्राफ. इथं बोलायला पण लाव तिला, फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर अन् फोटोग्राफर म्हणताना तो सरकतो, फटॉग्रफर असं ऐकू येते, सफिक्स लागला की जोर हलतो कधी कधी.

वही कशी ठेवायची ते विचारलं नाही तू, पण सांगतो, कारण तिथंच सगळे चुकतात. शंभर पानी वही घे, एका पानावर एकच रूट. मधे रूट, भोवती शब्द, अन् प्रत्येक शब्दासमोर तो कुठं दिसला ते लिही, टँकरवर, पासबुकवर, औषधाच्या पट्टीवर, एसटीच्या खिडकीवर. अर्थ दुसऱ्या दिवशी पाहायचा, आधी स्वतः फोडायचा अन् पेन्सिलनं अंदाज लिहायचा. चुकला तर खोडायचा नाही, शेजारी बरोबर लिहायचा, चुकलेलाच जास्त लक्षात राहते. आठवड्याला दोन पानं झाली तरी लय झालं. कुठलं पान पहिलं घ्यायचं असं विचारशील तर पोर्ट, ट्रॅक्ट, स्पेक्ट, स्क्रिप्ट, मिट, यांच्यापासून काढ, यांची घरं मोठी आहेत. बेने म्हणजे चांगलं अन् मॅल म्हणजे वाईट, हे वगैरे नंतर, त्यांचे शब्द वर्षातून एकदा भेटतात.

अन् ती यादी तीन महिन्यांनी कपाटातून काढ. वहीत आलेल्या रूटवर काट मार. जे उरतील, माझ्या अंदाजानं साठेक उरतील, त्यातले जे तुला जुन्या प्रश्नपत्रिकेत एकदाही दिसले नाहीत त्यांच्यावर पण काट मार. उरलेले बिनधास्त पाठ कर, तेवढे पाठ होतात.